भक्ती मोजू नका, घाटातली साईडपट्टी मोजा

श्रावण लागला की आमच्या शहरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शुक्रवारी रात्री पोरापोरींचे घोळके छावणी ओलांडून पडेगाव-मिटमिट्याच्या दिशेनं चालू लागतात आणि शनिवारी सकाळी टपरीवरच्या चहापासून घरातल्या ओट्यापर्यंत त्यांच्यावरून वाद पेटतो. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायची रीत छत्रपती संभाजीनगरात कुणाला नवी नाही. तरी दरवर्षी जाणती माणसं म्हणतात, ही कसली यात्रा, ही तर रात्रभराची उनाडकी. हातात मोबाइल, तोंडात सिनेमाची गाणी, देवाचं नाव फक्त घरून परवानगी काढण्यापुरतं. बंद करा हे एकदाचं. त्यावर पोरं उसळतात, की आमच्या श्रद्धेबद्दल बोलायचं काम नाही. पुढं बोलणं सरकतच नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच अंधार आणि तोच घाट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोण देवासाठी चालतो आणि कोण दोस्तासाठी, हे तपासायचा अधिकार कुणालाच नाही आणि तपासून हाती काही लागणारही नाही. यात्रेत मैत्री असते, मौज असते, पावसात भिजणं असतं, म्हणून ती खोटी ठरत नाही. आपल्याकडे ती पहिल्यापासून अशीच चालत आली आहे. सगळ्यांनी मिळून बोलावं असा प्रश्न वेगळा आहे. पंचवीसेक किलोमीटरच्या त्या वाटेवर रात्री हजारो माणसं चालणार हे महिनाभर आधी ठाऊक असताना त्यांना पाय ठेवायला जागा, प्यायला पाणी आणि बायकांना आडोसा का मिळू नये? भक्तीवर भांडण्यात आपण हे विचारायचं विसरलो आहोत.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, असं करत पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला येतो. तोवर रस्ता सोपा, गप्पा जोरात. किल्ल्याच्या तटाशी रस्ता आवळतो आणि घाट सुरू होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार, वर पाऊस. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा झोत आधी झाडांवरून फिरतो, मग आपल्या अंगावर येतो आणि डोळ्यांपुढं काळोख होतो. चालणारा मागच्याला हात लावून सांगतो, ‘आत हो, आत हो.’ पण आत कुठं व्हायचं? पावसाच्या लोटानं डांबराच्या कडेची माती कोरून नेलेली असते आणि डांबर संपतं तिथं वीतभर खोल चर असतो. घाट चढून कागजीपुरा आला की बरं वाटतं. हे हातकागद करणारांचं गाव. तिथून खुलताबाद हाकेवर. पहाटे रांगेजवळ रुईच्या पानांच्या माळा विकायला बसलेली माणसं पानांवर पाण्याचा हबका मारत असतात, हवेत तेल आणि शेंदराचा वास असतो आणि आत मारुती निवांत आडवा झोपलेला. पायांना फोड आलेला माणूस त्या झोपलेल्या मूर्तीपुढं उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं, हे मला विचाराल तर मी सांगू शकेन. दुसऱ्याच्या मनातलं मी कसं सांगू?

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. काही घोळके खांद्यावर मोठा स्पीकर घेऊन चालतात. रस्त्याकडेच्या वस्तीत तान्ही पोरं असतात, आजारी म्हातारी माणसं असतात, पहाटे कामाला जायचं असलेले लोक असतात. त्यांची रात्र नासवून मिळवलेलं पुण्य कुठल्या खात्यात जमा होणार? वाटलेल्या केळ्यांच्या साली आणि पाण्याच्या पाउचची प्लॅस्टिकं घाटभर पडलेली मी सकाळी उतरताना पाहिली आहेत, आणि त्यातलं काही आमच्याच पुढं चालणाऱ्यांनी टाकलेलं होतं. काही जण दुचाकीवरून तिघं-तिघं बसून चालणाऱ्यांमधून नागमोडी गाड्या काढतात. हे सगळं घडतं. याला श्रद्धेचं पांघरूण घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला आधीच कायदा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई करणारे नियम 2000 सालापासून आहेत, राज्यातली प्लॅस्टिकबंदी 2018 ची आहे, आणि तिघांना दुचाकीवर बसायची परवानगी तर कधीच नव्हती. स्पीकर जप्त करायचा सोडून चालणंच बंद करा म्हणणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणं. वरातीत स्पीकर वाजतो म्हणून लग्नं बंद करा, असं कुणी म्हणतं का?

खरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो जुन्या माणसांच्या बोलण्यात लपलेला असतो: मित्रांसोबत मौजेनं केलेली ती यात्राच नव्हे. यात्रा म्हणजे व्रत, मौन, मनाची तयारी. हे ऐकलं की मला हिंगोलीचं नर्सी आठवतं. नामदेवांचं हे गाव परंपरेनं आपल्या मराठवाड्यात मानलं जातं. त्या नामदेवांना तीर्थयात्रेला नेण्यासाठी ज्ञानेश्वर मुद्दाम पंढरपूरला गेल्याची कथा घरोघरी माहीत आहे. कशासाठी गेले? ज्ञानदेवांना वाट माहीत नव्हती, की तीर्थांची नावं माहीत नव्हती? त्यांना नामदेवांची सोबत हवी होती. एकत्र चालावं, बोलावं, एकमेकांच्या संगतीत देवाचं सुख भोगावं, ही ती ओढ होती. आणि नामदेवांचा पाय निघत नव्हता, कारण त्यांना विठ्ठलाला सोडून जायचं नव्हतं. म्हणजे आपल्या परंपरेतली एक फार मोठी तीर्थयात्रा एका मित्रानं दुसऱ्याला ‘चल ना’ म्हटल्यावर घडली आहे. दुसऱ्या शिफ्टमधून सुटून, कंपनीचा निळा शर्ट पिशवीत कोंबून, नगर नाक्यावर आमची वाट बघत उभा राहणारा माझा दोस्त ज्ञानदेव नाही आणि मी नामदेव नाही, हे मला कळतं. पण ‘चल ना’ हा शब्द तोच आहे. तो शब्द हलका आहे असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण वर्षभर या माणसाशी माझं जे बोलणं होतं त्याच्या दुप्पट त्या एका रात्री होतं. त्याच्या बापाच्या आजारपणाचं, थकलेल्या हप्त्यांचं त्यानं मला घाटातच सांगितलं. सपाटीच्या रस्त्यावर त्याला ते जमलं नसतं.

दुसरे काही जण तुकोबांचा आधार घेतात. तीर्थात धोंडा आणि पाणी, देव तर सज्जनांत रोकडा भेटतो, असं तुकोबांनीच सांगितलं, मग ही पायपीट कशाला? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि तो टाळून पुढं जाता येत नाही. धोंडा-पाण्यात देव नाही हे मी मानतो. पण तेच तुकोबा पंढरीची वाट चालत होते. का चालत होते? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचं वाक्य पुरतं वाचलं तर उत्तर त्यातच आहे. देव सज्जनांच्या संगतीत असेल, तर संगत घडते कुठं? घरात बसून घडत नाही. ती वाटेवर घडते, एकाच्या पाण्याच्या बाटलीतून पाच जण पितात तिथं घडते. तीर्थाला महत्त्व देऊ नका या सांगण्यातून वाट बंद करा असा अर्थ काढणं हा तुकोबांवर अन्याय आहे.

मग पावसाळाच कशाला? थंडीत जा, दिवसा जा, असंही सुचवलं जातं. यालाही परंपरेचा आधार आहे आणि तो थेट अजिंठ्यापर्यंत जातो. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली आणि बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहायचा नियम घातला. डोंगरातली विहारं भिक्खूंच्या या वर्षावासाच्या कामी आली. चातुर्मासात एका ठिकाणी थांबायची रीत जैन साधूंमध्येही आहे. म्हणजे पावसात फिरू नये हा विचार या मातीतला जुना आणि शहाणा विचार आहे. पण तो घरदार सोडलेल्यांसाठी होता, जे बाकीचे महिने फिरतच असत. कष्टकऱ्याचं उलटं. त्याला वर्षभर हलता येत नाही. मृगात पेरणी, मग खुरपणी, फवारणी. पिकं उभी राहिली की श्रावणात जरा सवड, आणि श्रावण संपता संपता पोळा. शेतकऱ्याच्या या सवडीतच आपले श्रावणी सोमवार, शनिवार आणि जत्रा बसल्या आहेत. शहरात आलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी शेत सोडलं तरी महिना सोडला नाही. आणि मराठवाड्याच्या माणसाला पावसाचं कौतुक नको म्हणून कुणी सांगावं? वर्षाला सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा भाग. तोही दर काही वर्षांनी दगा देतो. आज विशीत असलेल्या पोरांनी शाळेत असताना 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ऐकलं आहे, काहींनी पाहिलं आहे. घाटात ओल्या कातळावरून पाणी वाहताना दिसलं की ती थांबतात आणि ओंजळ धरतात. कोकणातल्या माणसाला याचं काय एवढं वाटेल असं वाटत असेल, पण आमच्याकडे ते दर्शनच आहे.

दिवसा जा म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्यासोबत कोण चालतंय ते बघावं. कारखान्यातले, दुकानांतले, डिलिव्हरी करणारे. दिवस त्यांचा नसतोच. आणि मुली. या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण बंदीची भाषा करणाऱ्यांच्या हिशेबात त्या नसतात. एरवी रात्री नऊला दहा मिनिटं उशीर झाला तर घरून चार फोन येणारी मुलगी त्या रात्री मैत्रिणींसोबत पहाटेपर्यंत उघड्या आभाळाखाली चालते. ‘भद्रा मारुतीला चाललेय’ एवढं सांगितलं की आई डबा भरून देते. ‘फिरायला चाललेय’ म्हटलं असतं तर दार लागलं असतं. देवाचं नाव परवानगीपुरतं वापरतात, असा टोमणा मारणाऱ्यांना मी म्हणेन, हो, कधीकधी वापरतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या बायांनी उंबरा ओलांडायला देवाचाच आधार शेकडो वर्षं घेतला आहे. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, हे त्या देवाच्या नावानंच म्हणू शकल्या. वारीत गेलेल्या कितीतरी सासुरवाशिणींना वर्षात तेवढेच दिवस चुलीपासून सुटका होती. रात्रीची वाट बंद केलीत तर पोरं दुसरीकडं कुठंतरी जातील. मुली घरात परत जातील. म्हणून सुरक्षिततेच्या नावानं बंदी मागणाऱ्यांनी आधी सांगावं, की शरणापूर फाट्यापासून खुलताबादपर्यंत बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छ, दिवा असलेलं स्वच्छतागृह किती ठिकाणी आहे? आमच्यासोबत चालणारी एक ताई संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. चालताना तिचे ओठ सुकलेले दिसतात. अंधाराचं भय असतंच, पण तिची पहिली अडचण ही असते.

राहिला जिवाच्या धोक्याचा मुद्दा. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर देताना घसा मोठा करून चालणार नाही. 25 जानेवारी 2005 ला सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास 300 माणसं गेली. पावसाळा नव्हता, रात्र नव्हती, मोबाइलवरची रीळ कुणी करत नव्हतं. जमलेले सगळे निखळ भाविक होते. अरुंद चढण, दोन्ही बाजूंनी दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि एवढी गर्दी आली तर काय याचा आधी केलेला विचार नाही. भक्ती शुद्ध असली म्हणून त्यातलं एक तरी माणूस वाचलं का? नाशिकचा सिंहस्थ भर पावसाळ्यात येतो. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 जण मेले. 2015 चा सिंहस्थ तसा प्रसंग न येता पार पडला. गोदावरी तीच, भाविक तेच. फरक रस्त्यांच्या आणि गर्दीच्या आखणीत होता. माझ्यापुरतं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण याच घाटात, ट्रकला वाट देताना, त्या वीतभर चरात पाय जाऊन पडला. घोट्याचं हाड मोडलं. आम्ही त्याला दोघांच्या खांद्यावर घेतलं आणि एका दुधाच्या गाडीवाल्यानं माघारी शहरात सोडलं. सहा आठवडे तो खाटेवर होता, त्यातला पगार बुडाला. तिथं काय कमी पडलं, त्याची भक्ती की साईडपट्टी?

घाटावर अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री वाट बंद ठेवावी, हे मला मान्य आहे. आम्ही स्वतः एकदा किल्ल्यापासून परत फिरलो आहोत आणि त्यात मारुतीचा काही अपमान झाला असं वाटलं नाही. पण ती बंदी त्या रात्रीपुरती, दुपारीच जाहीर केलेली आणि कारण सांगून केलेली असावी. सबंध श्रावणावर फुली मारणं ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. जड वाहनं दुसऱ्या वाटेनं वळवलेली रात्र आणि न वळवलेली रात्र, दोन्ही मी चाललो आहे. वळवलेल्या रात्री आजीचं बोट धरलेलं सात-आठ वर्षांचं पोर घाट चढताना दिसतं. दुसऱ्या रात्री दिसत नाही.

यावर शेवटचा प्रश्न येतो तो पैशाचा: लोकांच्या मौजेसाठी सरकारनं खर्च का करायचा? याच वाटेनं पुढं वेरूळ आहे आणि तिथं घृष्णेश्वर. त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभ्या केल्या. विहिरीवर पाणी पिणाऱ्याला त्यांच्या माणसांनी ‘तू नक्की भाविक ना?’ असं विचारल्याचं कुणी ऐकलं आहे का? विहीर वाटसरूसाठी असते, मग तो देवाला चाललेला असो की लेकीच्या गावाला. पैठणच्या नाथांची गोष्ट तर आपण लहान मुलांना सांगतो. काशीची गंगा रामेश्वराला नेत असताना वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. सोबतच्यांना ते पटलं नाही, कारण त्यांच्या मते पाणी देवाचं होतं. हेच नाथ गुरूच्या शोधात देवगिरीला आले आणि त्यांनी तप केलं ते शूलिभंजन खुलताबादजवळच आहे. म्हणजे आपण ज्या वाटेबद्दल भांडतोय ती त्यांच्या पायाखालची वाट आहे. आणि त्या वाटेवर आपण तहानलेल्याला आधी विचारतो, तू भक्त आहेस की हौशी? शिवाय कडेनं चालायला पट्टा झाला तर तो काय फक्त चार शुक्रवार वापरला जाईल? दौलताबाद-खुलताबाद भागातली शाळेची पोरं, मजुरीला जाणाऱ्या बाया, उरुसाला येणारे लोक, सगळे त्यावरून चालतील.

माझी मागणी म्हणूनच साधी आहे. घाटात चरांत मुरूम भरून, दाबून साईडपट्टी करा आणि ती पावसाआधी करा. प्रत्येक शुक्रवारी रात्री जड वाहनं वळवा, फक्त मोठ्या गर्दीच्या वेळी नको. पाणी आणि स्वच्छतागृह किल्ल्याच्या अलीकडे एक, घाटमाथ्यावर एक. आणि आम्ही चालणाऱ्यांनी स्पीकर घरी ठेवायचा, सोबत एक रिकामी गोणी न्यायची आणि आपलं प्लॅस्टिक परत आणायचं. गेल्या वर्षी आमच्या गटानं गोणी नेली होती. घाट उतरेपर्यंत ती गच्च भरली आणि पाच जणांनी आळीपाळीनं डोक्यावर घेतली. तिच्यातून गळणारं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

घोटा मोडलेला आमचा दोस्त आता बरा आहे, पण घाट चढायला डॉक्टर नको म्हणतात. यंदा तो टेम्पोत पाण्याचे वीस जार घालून घाटाच्या पायथ्याशी उभा राहणार आहे, रात्रभर, येईल त्याला पाणी द्यायला. परवा आम्ही दोघं दिवसाउजेडी जागा बघायला जाऊन आलो. किल्ल्यापासून पहिल्या वळणापर्यंत दोनदा चाललो. टेम्पो रस्त्याच्या बाहेर उभा करता येईल एवढी घट्ट जमीन अजून सापडलेली नाही.